गदा खाली ठेवल्यावर

प्रश्न : आमच्या गावची यात्रा चैत्रात भरते. सकाळी घाटात बैलगाडे पळतात, दुपारी आखाडा असतो. गाड्याचा बैल थकला तरी हौशी मालक त्याला बाजार दाखवत नाही. दावणीला ठेवून शेवटपर्यंत वैरण घालतो. गेल्यावर त्याचा दहावा घालणारेही आमच्या भागात आहेत. पण ज्यांची शेवटची निकाली कुस्ती बघायला माणसं झाडावर चढून बसायची, त्या पैलवानांचं पुढे काय झालं हे कुणाला धड सांगता येत नाही. मोठ्या खेळाडूंची खेळ सुटल्यानंतर काही सोय असते का? आणि सोय म्हणजे फक्त सरकारी नोकरीच का?
— एक वाचक, आंबेगाव तालुका

उत्तर : बैलाला मालक असतो, पैलवानाला पाठीराखे असतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात घाट ओस पडले होते, तरी कित्येक मालकांनी बैल मोडले नाहीत. पैलवानाच्या बाबतीत असा हिशेब कुणीच घालत नाही. यात्रा कमिटी इनाम देते, गावकरी फेटा बांधतात, वस्ताद डाव शिकवतो, घरचे दूध-बदाम-तूप पुरवतात. पंचेचाळिसाव्या वर्षी तो काय करत असेल, हा विषय यांच्यापैकी कुणाच्याच वहीत नसतो.

ते कुठे जातात, हे तसं फार गूढ नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा मंचरच्या कांदा-बटाट्याच्या आडतीवर एखाद्याचे मोडलेले, गाठी आलेले कान दिसले की ओळखावं. कुणी शेती करतो, कुणी दुधाचा रतीब घालतो, कुणी चाकणच्या कारखान्याच्या फाटकावर सुरक्षारक्षक असतो, कुणी जिम काढतो, कुणी ग्रामपंचायतीला उभा राहतो, तर कुणी पुढाऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसतो. यातल्या शेवटच्या धंद्याबद्दल माझं मत बरं नाही, बाकीच्यांत कमीपणा काहीच नाही. वाईट एवढंच, की बहुतेकांनी हे ठरवून निवडलेलं नसतं. गुडघा गेला, खांदा निखळला, लग्न झालं आणि खुराकाचा खर्च झेपेना. एका हंगामात खेळ सुटला आणि समोर जे आलं ते धरलं.

हा प्रश्न आपल्या राज्यात खाशाबा जाधवांइतका जुना आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडनला सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक त्यांना गावी घेऊन गेली, आणि मिरवणूक संपल्यावर त्यांनी कुस्त्या भरवून कर्ज फेडलं. पोलिस खात्यात उपनिरीक्षकाची नोकरी लागली ती १९५५ साली. सहायक पोलिस आयुक्तपदाची बढती सेवेच्या अगदी शेवटी आली. १९८४ साली रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यानंतर सोळा वर्षांनी मरणोत्तर जाहीर झाला. आता २०२४ पासून त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

यात कुणाला कृतघ्नपणा दिसतो. मला त्याहून साधी गोष्ट दिसते. पदक १९५२ चं, नोकरी १९५५ ची. मधली तीन वर्षं हा माणूस जगातल्या पहिल्या तिघांत होता आणि पुढे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. आपल्याकडे सोय ही बक्षीस म्हणून येते, आणि बक्षीस नेहमी उशिरा येतं.

उलटा क्रम लावला तर काय होतं, हे गेल्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्राने पाहिलं आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात, ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सियाचीनला ड्युटी केली, मग सैन्याच्या क्रॉसकंट्रीत धावू लागले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण ही सगळी त्यानंतरची गोष्ट. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ रोइंग शिकले तेही सैन्यात गेल्यावर. २०१६ मध्ये ते रिओ ऑलिंपिकमध्ये होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे २०१५ साली मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाले आणि नऊ वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसला नेमबाजीच्या ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये त्यांनी कांस्य जिंकलं. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर रेल्वेत होत्या. रिओला स्टीपलचेसची अंतिम फेरी धावल्या आणि पुढे राज्य सरकारने त्यांना उपजिल्हाधिकारी केलं.

या सगळ्यांत समान काय? पगार आधी सुरू झाला, नाव नंतर झालं. पगार चालू असताना खेळणं आणि पदक मिळालं तर पगार मिळेल म्हणून खेळणं, यात रात्रीच्या झोपेचा फरक पडतो. हे शहाणपण आपलंच आहे असंही नाही. इटलीत पोलिसांचे आणि जर्मनीत लष्कराचे खेळाडूंसाठी खास गट आहेत. तिथले कितीतरी ऑलिंपिकवीर कागदोपत्री शिपाई किंवा हवालदार असतात.

अशा नोकरीचं आणखी एक जुनं उदाहरण मुरलीकांत पेटकरांचं. सैन्यात ते मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि अपंगत्व आलं. त्यानंतर ते पोहायला लागले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आले. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधल्या शेहेचाळीस वर्षांत घर चालायला हवं होतं, आणि ते चाललं पुण्याच्या टेल्कोतल्या नोकरीवर. सन्मान वाट पाहू शकतो, वाणसामान पाहू शकत नाही.

आता आपल्या आखाड्याकडे येऊ, कारण जुन्नर-आंबेगावची खरी अडचण इथे आहे. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण २००५ पासून आहे. त्यासाठी लागतं अधिकृत स्पर्धेचं प्रमाणपत्र. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची हवी, खेळ यादीतला हवा, पातळी ठरलेली हवी आणि मग ते प्रमाणपत्र क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून तपासून घ्यावं लागतं. मध्यंतरी भलत्याच खेळांच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं उघडकीला आली, तेव्हापासून ही तपासणी कडक झाली. ते योग्यच झालं. पण यात्रेच्या आखाड्यात इनामाची कुस्ती मारणाऱ्या पैलवानाला काय मिळतं? रोख रक्कम, फेटा, नारळ, कधी चांदीची गदा, आणि लाउडस्पीकरवर नाव. कागद मिळत नाही. चैत्र-वैशाखात या दोन तालुक्यांतले आखाडे फिरून घर चालवणारा आणि दहा वर्षांत कुणाला पाठ न दाखवलेला मल्ल सरकारच्या लेखी खेळाडूच नसतो. त्याच्याच तालमीतला, राज्य शालेय स्पर्धेत मॅटवर तिसरा आलेला पोरगा मात्र असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की तालमीतल्या प्रत्येक पोराने माती सोडू नये, पण वर्षातून दोन-तीनदा मॅटवर, अधिकृत वजनगटात, संघटनेच्या स्पर्धेत उतरावंच. हे वस्तादांनी सक्तीचं करावं. आणि प्रमाणपत्राची तपासणी भरतीची जाहिरात निघेपर्यंत लांबवू नये. जाहिरात निघाल्यावर क्रीडा कार्यालयापुढे किती रांग लागते ते एकदा गेलेल्याला विचारा. दहावी-बारावीच्या खेळाडूंना पंचवीसपर्यंत सवलतीचे गुण मिळतात, तेही याच कागदांवर.

या शिडीची अगदी वरची पायरी म्हणजे थेट नियुक्ती. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले विजय चौधरी आणि राष्ट्रकुल सुवर्णविजेते राहुल आवारे पोलिस उपअधीक्षक झाले ते असेच. ही पायरी अरुंद आहे, तिच्यावर भरवसा ठेवून आयुष्य आखता येत नाही. तुमच्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीचे शिवराज राक्षे जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा बक्षिसात चारचाकी गाडी होती. गाडीला माझा विरोध नाही. फक्त गाडीत डिझेल भरावं लागतं आणि ते दर आठवड्याला भरावं लागतं, एवढं बक्षीस देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं असं मला वाटतं.

पेन्शनचं म्हणाल तर केंद्र सरकारची योजना आहे. आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धेच्या पदकापासून ऑलिंपिक पदकापर्यंत, महिना बारा ते वीस हजार रुपये, वयाच्या तिशीनंतर आणि खेळ थांबवल्यावर. हलाखीत सापडलेल्या किंवा आजारी खेळाडूंसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाचा कल्याण निधी आहे. जुन्या मल्लांना राज्य सरकारचं मानधनही आहे, आणि ते वाढवण्याची घोषणा २०२३ च्या त्याच महाराष्ट्र केसरीच्या वेळी झाली होती. पण तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळची योजना वेगळीच आहे आणि गावात ती फारशी कुणाला ठाऊक नसते. तिचं नाव ‘रीसेट’. २९ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने ती सुरू केली. खेळ सोडलेल्या वीस ते पन्नास वर्षांच्या खेळाडूंना नवं कौशल्य शिकवायचं, अभ्यास बराचसा ऑनलाइन आणि पुढे प्रत्यक्ष प्रशिक्षण. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था ती चालवते. दोन स्तर आहेत: बारावी किंवा पुढे शिकलेल्यांसाठी एक, अकरावी आणि त्याखालच्यांसाठी दुसरा. शिक्षण अर्धवट सोडलेल्या पैलवानालाही दार उघडं ठेवलंय, ही तिची चांगली बाजू. आंतरराष्ट्रीय पदकाचीच अट नाही, राज्य पातळीवर खेळलेलाही चालतो. मात्र स्पर्धा मान्यताप्राप्त हवी. पुन्हा कागद आलाच.

आता तुमच्या प्रश्नाचा शेवटचा तुकडा, जो मला सगळ्यात मोलाचा वाटला: सोय म्हणजे फक्त नोकरीच का? नाही. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला नेमबाजीचं सुवर्ण जिंकलं. पैशाची ददात नव्हती, शिक्षण होतं, घरचा आधार होता. तरी पदकानंतरच्या काळात आपण आतून रिकामे झालो होतो, हे त्याने पुढे अनेकदा मोकळेपणाने सांगितलं आहे. अपयशापेक्षा यशानेच त्याला जास्त हादरवलं. रोज पहाटे उठण्याचं कारणच संपलं होतं. १९९३ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी या गोष्टीचं मोजमाप मांडलं. माणूस स्वतःला ‘खेळाडू आणि दुसरं काहीच नाही’ असं जितकं मानतो, तितका त्याचा सराव कसून होतो आणि तितकंच त्याला खेळ सुटणं जड जातं. जे बळ तीच दुखरी नस. आपल्याकडे तर गावच हे पक्कं करून टाकतं. आखाडा सुटून वीस वर्षं झाली तरी त्या माणसाला नावाने कुणी हाक मारत नाही. चहाच्या टपरीपासून तहसील कचेरीपर्यंत तो ‘पैलवान’च. या हाकेत मान आहे, आणि थोडी कैदही आहे.

शरीराचंही तसंच. जोर-बैठका बंद होतात, खुराक चालूच राहतो. हजार बैठकांना पचणारं तूप आडतीवर बसून पचत नाही; वजन, रक्तदाब, साखर आणि गुडघे एकदमच मागे लागतात. खेळ थांबवताना व्यायाम हळूहळू उतरवायचा असतो आणि ताट त्याच्या आधी उतरवायचं असतं, हे तालमीत कुणी शिकवत नाही. ताकदीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या इंजेक्शनांबद्दल तर उघड बोलायची वेळ आली आहे. ती घेतलेल्या पोराचं हृदय आणि यकृत खेळ सुटल्यावरही त्याची किंमत मोजत राहतं.

परदेशात यावर काय करतात, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सांगतो. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये मोठ्या खेळाडूंच्या संघाबरोबर प्रशिक्षक आणि फिजिओ असतात, तसा एक सल्लागार असतो, ज्याचं काम खेळाडूचं शिक्षण, नोकरी, घर आणि पैसा याबद्दल त्याच्याशी बोलत राहणं एवढंच असतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीही २००५ पासून खेळाडूंसाठी करिअरचा कार्यक्रम चालवते. हे काम खेळ ऐन भरात असताना सुरू होतं, यात त्याचं मर्म आहे. आपल्या तालमीत हा माणूस आणायला परदेशी जायला नको. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेला कुणी, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राशी ओळख असलेला एखादा शेतकरी. असा एक माणूस महिन्यातून एका संध्याकाळी पोरांशी बसला तरी पुरे.

प्रश्न : मी जुन्नरच्या पश्चिम भागात, आदिवासी पट्ट्यात शिकवते. आमची एक विद्यार्थिनी लांब पल्ल्याच्या धावण्यात राज्य पातळीवर पोचली आहे. तिला पुण्याला प्रबोधिनीत पाठवावं का? घरच्यांना भीती वाटते की शिक्षणही जाईल आणि खेळही जाईल.
— एक शिक्षिका

उत्तर : भीती रास्त आहे, दोन्ही गेल्याची उदाहरणं त्यांच्या डोळ्यांसमोर असतील. पण दुसरंही उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत अशाच आदिवासी पाड्यावरून आल्या. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य त्यांनी मिळवलं, आणि ओएनजीसीत नोकरीही केली.

क्रीडा प्रबोधिनीत राहणं, खाणं, प्रशिक्षण आणि शाळा एकत्र असतं, आणि म्हाळुंगे-बालेवाडीचं संकुल तुमच्यापासून फार लांब नाही. निवड झाली तर पाठवा. मात्र पाठवताना तीन गोष्टी घरच्यांनी स्वतः विचारून घ्याव्यात: स्पर्धेच्या काळात बुडालेली शाळा कोण भरून काढतं, दुखापत झाली तर उपचाराचं कोण बघतं, आणि निवड रद्द झाली तर मुलगी परत कुठल्या शाळेत बसते. तिसरा प्रश्न विचारायचा संकोच वाटतो आणि नेमका तोच महत्त्वाचा असतो. बेल्जियमचे पॉल वायलमन या विषयातले जाणकार. त्यांचं सांगणं असं, की खेळाडूच्या आयुष्यातले बदल एकटे येत नाहीत. अठराव्या वर्षाच्या आसपास ती कनिष्ठ गटातून वरिष्ठ गटात जाते, त्याच वेळी शाळा सुटून कॉलेज लागतं, घर सुटतं आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. आपल्याकडच्या मुली खेळातून गळतात त्या बहुतेक या वळणावर, आणि आपण म्हणतो की तिची जिद्द कमी पडली.

शिक्षणाचा मार्ग बंद होत नाही, हे पालकांना नीट समजावून सांगा. नियमित शाळा अशक्य झाली तर राष्ट्रीय मुक्त शाळेतून दहावी-बारावी करता येते. पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. पुण्यात आता महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ झालं आहे. खेळाच्या भोवती नोकऱ्या पुष्कळ आहेत: फिजिओथेरपी, आहारशास्त्र, पंचगिरी, शारीरिक शिक्षण, क्रीडा वैद्यकातली सहायकाची कामं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षक अभ्यासक्रम खेळाडू असतानाही उरकता येतो. तुमची विद्यार्थिनी आश्रमशाळेची असेल तर घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात तिची नोंद खेळाडू म्हणून करून ठेवा. पुढे एखादी योजना आली तर नाव शोधायला तरी सापडेल.

आणि एक गोष्ट बाई म्हणून तुम्हीच तिला विचारू शकता. तिची पाळी नियमित आहे का? धावणाऱ्या मुलींची पाळी बंद झाली की कित्येक प्रशिक्षक ते चांगल्या सरावाचं लक्षण मानतात. ते साफ चूक आहे. खाणं कमी आणि सराव जास्त झाला की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं ठिसूळ होऊ लागतात, मग पायाच्या हाडाला बारीक चीर पडते आणि एक हंगाम वाया जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये यावर जगभरच्या प्रशिक्षकांना सावध केलं आहे. तीन महिने पाळी चुकली तर डॉक्टरकडे न्या. बाजरीची भाकरी, नाचणी, डाळ, अंडी, शेंगदाणे. तिच्या घरात जे पिकतं आणि मिळतं त्यातूनच बरंचसं भागतं, फक्त पोटभर हवं.

प्रश्न : मुलगा एकतीस वर्षांचा आहे. खांद्याची शस्त्रक्रिया झाली, तरी कुस्ती सोडत नाही. गेल्या वर्षी राज्य निवड चाचणीत हरल्यापासून घरात कुणाशी बोलत नाही. सोड म्हणावं तर चिडतो. काय करू?
— एक वडील, मंचर परिसर

उत्तर : ‘सोड’ म्हणू नका. ज्यांनी खेळ स्वतः ठरवून थांबवला त्यांना तो कमी जड गेला आणि ज्यांचा दुखापतीने किंवा दुसऱ्याच्या सांगण्यावरून थांबला त्यांना जास्त, हे या विषयावरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तारीख त्याला ठरवू द्या. तुम्ही त्याला फक्त असं विचारा की आणखी किती हंगाम, आणि त्या हंगामांत दुसरं काय शिकायचं. दुसरं काहीतरी हातात आलं की पहिलं सुटायला सोपं जातं. आधी सोडायला लावलं तर माणूस दोन्हीकडून जातो.

वस्तादांशी तुम्ही एकटे जाऊन बोला. संध्याकाळच्या लहान पोरांची तुकडी त्याच्याकडे द्यायला सांगा. कुस्तीतून बाहेर पडायचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात सन्मानाचा रस्ता तोच आहे, आणि एकतिसाव्या वर्षी तो घ्यायला कुणी हरकत घेणार नाही. पंचाची परीक्षा द्यायला सांगा. आपल्याकडच्या आखाड्यांना जाणत्या पंचांची फार गरज आहे.

न बोलणं मात्र नुसत्या रागावर सोडून देऊ नका. झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, दारू सुरू झाली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलला असेल, तर उशीर करू नका. सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. पहिला फोन त्यानेच करायला हवा असं नाही, तुम्ही केला तरी चालतो. आणि तुमच्या पत्रात एक गोष्ट नव्हती: शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपी पूर्ण झाली होती का? आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत बहुतेक वेळा ती अर्धवटच सोडलेली असते. आधी ते विचारून घ्या.